एका घासाला दहा मिनिटं

प्रेम एकेक घास तपासून खात होता आणि गोजरबाईच्या अंगाचा तिळपापड होत होता. भाकरीचा तुकडा मोडायचा, वरणात बुडवायचा, उजेडात धरायचा. मग नाकाशी न्यायचा. मग तोंडात टाकून डोळे मिटायचे आणि म्हशीसारखं रवंथ करत बसायचं. त्याचा बाप किसनराव जेवून, हात धुऊन वावरात पोचला, तरी पोराची अर्धी भाकर ताटातच.

अमडापुरात कोणी असं जेवत नाही. असं जेवतो तो नवरीकडच्यांच्या चुका काढायला आलेला वरपक्षाचा मामा. घास उजेडात धरणं म्हणजे रांधणारीला भर पंगतीत विचारणं, बाई, डाळ निवडली होती का?

"काऊन बे, खडा शोधून राह्यला?"

"नाही आजी. अभ्यास हाय."

"जेवाचा?"

"हाव. सजगता म्हणून विषय हाय. दोन क्रेडिटचा."

चिखलीच्या कॉलेजात हा विषय यंदा नवा निघाला होता. पहिल्या सेमिस्टरला प्रेम पेपर कोराच देऊन आला होता. येत सगळं होतं, मन थाऱ्यावर नव्हतं. म्हणून त्याने हा विषय घेतला. मॅडम वर्गात डोळे मिटून बसवत, श्वासाकडे लक्ष द्यायला लावत. पोरगं जरा झोपायला लागलं होतं, हे खरं. आता घरचा अभ्यास आला होता. एकवीस दिवस रोज एक जेवण लक्ष देऊन जेवायचं. घासामागे कोणाकोणाचे हात लागले ते पाहायचं. वहीत लिहायचं, घरच्यांना वाचून दाखवायचं आणि मोठ्या माणसाची सही आणायची.

"मी चार यत्ता शिकले, त्यात वाचाले आलं," गोजरबाई म्हणाली. "याईले तेरावीत जेवाले शिकवून राह्यले."

बोलली तोऱ्यात, पण धास्ती खड्याचीच होती. दिवाळीपासून तिला डाळीतला खडा दिसत नव्हता. उजवा डोळा गढूळ, डावा त्याचा भाऊ. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सूप सुनेच्या हाती गेलं असतं. सुपामागे चूल गेली असती, चुलीमागे घर. पन्नास वर्षांत तिच्या वरणात कोणाच्या दाताखाली खडा आला नव्हता. लग्नाच्या पंगतीची डाळ निवडायला तिला उंद्रीहून बोलावणी यायची. आता ती बोटांनी चाचपून निवडायची आणि राहिलेलं देवावर सोडायची. देवाने आजवर लाज राखली होती. देवाचं नाव घेऊन झालं की ती सून जनकाबाईकडे वळायची. "तुह्या हाती डाळ देली तं घरादाराचे दात पडतीन." हे रोजचं.

आणि आता हा पोरगा. घासागणिक तिचा जीव टांगणीला. आज सापडेल, उद्या सापडेल.

एकविसावा दिवस रविवारी आला. दुपारची जेवणं झाली. किसनराव खाटेवर टेकला, जनकाबाई भांडी आवरत होती. प्रेमने वही उघडली. गोजरबाई पंचापुढे बसावी तशी ताठ बसली.

"पहिला घास. भाकर गरम आहे. कडेला थोडी करपली आहे."

"चुलीवरची हाय. करपनच."

"दुसरा घास. वरण. लसूण जास्त. मीठ बरोबर. खडा नाही. एकवीस दिवसांत एकही खडा लागला नाही."

गोजरबाईने सोडलेला श्वास खाटेपर्यंत ऐकू गेला. लगेच मान सुनेकडे वळली.

"ऐकलं का व जनके?"

"थांब ना आजी, हात राह्यले." प्रेमने पान उलटलं. "घासामागचे हात. पहिला दिवस. डाळ आजीने निवडली. सूप तोंडाजवळ धरून, बोटांनी. मग आजी आडवी झाली. मग आईने तीच डाळ परातीत ओतून पुन्हा निवडली. सात खडे निघाले. आईने ते पदराच्या टोकात बांधले. डाळ होती तशी सुपात भरून ठेवली. दुसरा दिवस. आजीने डाळ निवडली. आईने पुन्हा निवडली. नऊ खडे. तिसरा दिवस..."

"प्रेम, चूप बस रे!" जनकाबाईच्या हातून तांब्या निसटला.

किसनराव आढ्याकडे पाहू लागला. प्रेम गोंधळला. मॅडमने सांगितलं होतं, दिसेल तेवढंच लिहा, मत देऊ नका. त्याने मत दिलं नव्हतं.

गोजरबाई सुनेकडे पाहत राहिली. तेवढ्या अंतरावरून तोंड काही नीट दिसेना. हात तेवढे दिसले, पदर पिळणारे.

"कधीपासून व?"

"दिवाळीपासून, आत्याबाई."

"आन मी तुले रोज बोलून राह्यले."

"मंग? तुम्ही बोल्या नसत्या तं गावाले समजलं नसतं का, की डाळ मी निवडून राह्यले म्हणून?"

 मग गोजरबाईने हात पुढे केला. "आण तो पेन."

प्रेमने तिचं बोट धरून ओळीवर टेकवलं. सही ओळ सोडून वर चढली, पण झाली. तिने वही त्याच्या अंगावर फेकली आणि पदर सावरला.

"पास झाला तू. सांगजो तुह्या मॅडमले, पोराले दिसाले लागलं म्हणा. आता माहे डोये राह्यले, तं उद्या मले बुलढाण्याले डाक्तरकडे नेजो. आन एक ध्यानात ठेव बे. जेवताना आपल्या ताटात पाह्याचं, सासू-सुनेच्या मधात नाही."