दुसऱ्या कडव्यातला थांबा

दुसऱ्या कडव्याची दुसरी ओळ संपली आणि गाण्याच्या बाईंनी हवेत मूठ मिटली. मूठ मिटली की थांबायचं. रंगमंचावरची तीस मुलं अशी चटकन गप्प झाली, की बाईंना स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

पण सभागृह थांबलं नाही.

गाणं समोर बसलेल्या यजमानांचंच होतं. त्यांच्या भाषेतली अंगाई, तिथल्या घराघरांत म्हटली जाणारी. पाहुण्या मुलांच्या तोंडून ती ऐकताच समोर बसलेले आईबाप, शिक्षक, पोरंसोरं पहिल्या ओळीपासून हलकेच सूर मिळवत होते. आता मुलं थांबली आणि ते सगळे पुढे निघून गेले. क्षणभर बाईंच्या मनात आलं, या लोकांना स्वतःचं गाणं येत नाही की काय? मग लक्षात आलं, चुकतोय ते आपणच.

एरवी शाळेची सहल म्हणजे प्राणिसंग्रहालय, डबे आणि परतीच्या बसमध्ये उलट्या. यंदा पहिल्यांदाच दुसऱ्या भाषेच्या मुलखातल्या एका शाळेनं बोलावलं होतं. या, आमच्यात चार दिवस राहा, आणि येताना आमचं एक गाणं शिकून या. गाणं त्यांनी फोनवर पाठवलं होतं, तिथल्याच एका निवृत्त शिक्षिकेच्या आवाजात. "काना-मात्रेचा फरक पडणार नाही," असं बाईंनी मुख्याध्यापकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि तीन महिने तो पडू दिला नव्हता. अर्थ समजावला, उच्चार घोटून घेतले. दुसऱ्या कडव्यात गाणाऱ्या आजी मध्येच थांबत, हळूच 'हं' म्हणत आणि मग पुढची ओळ घेत. बाईंनी तो थांबा बसवला. 'हं'सुद्धा बसवला.

जमलं नाही ते फक्त एकीला. आवाज तिचा सगळ्यांत गोड, पण त्या जागी थांबेल तर शपथ! मुलांनी तिचं नाव 'एक्स्प्रेस' ठेवलं. बाईंनी समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी पहिल्या रांगेतून काढून तिला मागे उभं केलं. "तू नुसते ओठ हलव," त्या म्हणाल्या. पोरगी रडली नाही की रुसली नाही. सहलीला आली, मागच्या रांगेत उभी राहिली आणि सांगितल्याप्रमाणे ओठ हलवत राहिली.

आत्ताही हलवत होती. बाकीच्यांची तोंडं मिटलेली, नजरा बाईंच्या मुठीवर खिळलेल्या. कुणीतरी ठरल्याप्रमाणे 'हं' म्हटलं आणि एकटंच तोंडघशी पडलं. आणि एक्स्प्रेसचे ओठ मात्र सभागृहाबरोबर शब्दाला शब्द जुळवत चालले होते.

बाईंनी ते पाहिलं. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्याच गाण्यात हसं व्हायला आता एका ओळीचंच अंतर उरलं होतं. हट्ट सोडायला माणसाला वर्षं लागतात म्हणे. बाईंना एक श्वास पुरला. त्यांनी मूठ उघडली आणि सगळ्यांना सोडून थेट मागच्या रांगेकडे हात केला. गा!

आवाज आला. घाई नाही, भीती नाही, गाणं जणू कधी थांबलंच नव्हतं. पुढच्या मुलांनी तो धरला, मग त्यांच्या शेजारच्यांनी, आणि बघता बघता सगळा मेळ पुन्हा बसला. शेवटची ओळ रंगमंच आणि सभागृह यांनी मिळून म्हटली. टाळ्या थांबता थांबेनात.

कार्यक्रमानंतर पडद्यामागे एक आजी काठी टेकत आल्या. गाणं गाऊन पाठवणाऱ्या त्याच. सोबत आलेला तिथला शिक्षक दुभाष्याचं काम करत होता.

"आजी विचारतायत, मधेच का थांबलात?"

"अहो, त्याच थांबल्या होत्या की!" बाईंनी फोन काढून गाणं लावलं.

आजींनी कान दिला. थांबा आला, 'हं' आला, आणि त्या तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या, पार दम लागेपर्यंत. शिक्षकालाही हसू आवरेना. "मांडीवर नातू होता म्हणे," तो म्हणाला. "झोपला का ते बघायला थांबल्या, तर बेट्यानं टक्क डोळे उघडले. म्हणून 'हं', आणि पुन्हा पुढे सुरू!"

बाईही हसल्या. मग गंभीर झाल्या आणि तडक मुलांच्या खोलीत गेल्या. एक्स्प्रेस बाकावर बसून बुटांचे बंद सोडत होती. बाईंना पाहून धडपडत उभी राहिली.

"बाई, आवाज फार मोठा झाला का माझा?"

"नाही गं राणी. सगळ्यांसमोर सांगते, तुझंच बरोबर होतं, चूक माझी होती. आज आपली लाज राखलीस तू." बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पण तिथे थांबायचं नाही, हे तुला कळलं कसं?"

"मला कुठे कळलं? मला वाटायचं, माझंच चुकतंय." ती बुटाकडे बघत म्हणाली, "पण आईची रात्रपाळी असली की धाकट्याला मी हेच गाणं म्हणून झोपवते, बाई. आणि तिथे थांबलं की तो जागा होतो."