मुरुगनापुढचा दिवा

शेवटची वायर जोडून झाली आणि सुंदरनं भर दुपारी शेडचं शटर खाली ओढलं. ट्रकचे दिवे तपासायचे तर अंधार हवा. चेन्नईतल्या अंबत्तूरचा गोंगाट बाहेर राहिला, पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे तेवढे आत आले, आणि तो साठ वर्षांचा ट्रक कुठल्याशा जुन्या रस्त्यावर उभा असल्यासारखा वाटू लागला.

केबिनमध्ये सुंदरचे मामा बालाजीराव स्टिअरिंग धरून बसले होते. शेजारी मामी, महालक्ष्मी. या ट्रकमधून दोघांनी वर्षानुवर्षं तंजावरचा तांदूळ चेन्नईला आणला होता.

"सार," मामी अदबीनं म्हणाली, "आमचे हे कधीं येतील?"

"येतील," बालाजीराव म्हणाले. सकाळपासून चौथ्यांदा.

वर्ष झालं, ती नवऱ्याला ओळखत नव्हती. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा बालाजीरावांनी भंगारात निघालेला आपला ट्रक शोधून आणला आणि भाच्याच्या गळ्यात घातला. सगळी वायरिंग नवी कर, म्हणाले, पण दिवे होते तसेच लागले पाहिजेत. म्हातारा चळला, असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे.

त्यांनी चावी फिरवली. हेडलाइट लागले. काचेच्या वर मुरुगनाची तसबीर होती, तिच्यापुढचा लाल दिवाही लागला. बालाजीरावांचा चेहरा उतरला.

"हा आत्ताच कशाला लागला रे?"

"देवापुढं दिवा कायम असावा न्हवं, मामा? म्हणून चावीलाच जोडला."

"नाहीं. ब्रेकला जोड. पूर्वीं तसाच होता."

सुंदरला वाटलं, जुन्या ड्रायव्हरांची रीत. ब्रेक दाबायची वेळ आली की देवाला जागं करायचं. तो पक्कड घेऊन वाकला.

खरं तर देव निमित्त होता. तेव्हा बालाजीरावांचं लग्न नवं होतं, घरात वडीलधारी माणसं, बायकोकडं डोळे भरून बघायची सोय नाही. रात्रीच्या रस्त्यावर मात्र ब्रेक दाबला की तो दिवा लागायचा आणि तिचा चेहरा क्षणभर उजळायचा. मग काय, मोकळ्या रस्त्यावरही पठ्ठ्या दहादा ब्रेक दाबायचा. ती दर खेपेला करवादायची. कारण त्यानं तिला कधी सांगितलं नाही.

"दाबा आता," सुंदर म्हणाला.

बालाजीरावांनी ब्रेक दाबला. लाल उजेड मामीच्या सुरकुतलेल्या गालावर पडला, नाकातली चमकी लकाकली. ती समोर बघत राहिली. त्यांनी पाय काढला, पुन्हा दाबला. काही नाही. आपण खुळेच, असं त्यांना वाटलं, आणि तरीही त्यांनी तिसऱ्यांदा दाबला.

मामीनं पदर सावरला, डॅशबोर्डवर हात टेकला आणि वैतागून त्यांच्याकडं वळली.

"अय्यो, उगीच ब्रेक काय मारतां हो? पुढं कोणीं नाहीं!"

बालाजीरावांनी ब्रेकवरचा पाय काढलाच नाही.