निखाऱ्यांच्या मधोमध

“लाकडाचा निखारा लाल दिसतो, पण त्याची उष्णता पायाला हळूहळू पोचते. भरभर चाललं तर त्याआधीच पाय उचललेला असतो. यात पाप-पुण्य काही नाही,” विज्ञानाच्या बाई शाळेच्या पटांगणात सांगत होत्या.

मी चिठ्ठी पुढे दिली. बाईंनी ती वाचली, “मधे उभं राहिलं तर?”

“मग कुणीही भाजेल, आजी.”

शेजारी माझे दीर बसले होते. निखाऱ्यांवरून थोरल्या सुनेने न भाजता चालावं, तरच तिच्या नवऱ्याला देवीच्या पूजेचा मान मिळावा, अशी आमच्या घरची रीत. माझ्या खेपेला दीरच म्हणाले होते, “वहिनी, मधोमध उभ्या राहून पाच वेळा देवीचं नाव घ्या.” मी घेतलं. तळवे सोलून निघाले. पूजा दिरांकडे गेली, आणि हे मरेपर्यंत माझ्याशी नीट बोलले नाहीत.

“भावजी, तुम्ही दरवर्षी निखाऱ्यांवरून चालता, मधे कधी थांबलात का हो?” मी विचारलं.

ते चपला शोधू लागले. मी मात्र चाळीस वर्षं उपास करून माझं पाप शोधत होते.