तिन्हीसांजेच्या पाकोळ्या

"पुन्हा सांग," उस्मान म्हणाला.

हारूननं पुन्हा सांगितलं. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकावर तो आणि यूसुफ पाखरांची पांढरी घरटी काढायला चढले होते. मगरिबची वेळ. यूसुफ गुहेच्या तोंडाशी पोचला आणि आतून पाकोळ्यांचा लोंढा बाहेर आला. तोंडावर फडफड झाली, हात सुटला आणि यूसुफ समुद्रात गेला.

"तिन्हीसांजेला? बाहेर?"

"बाहेरच. अल्लाकसम, उस्मानभाई. मी खोटा कशाला बोलू?"

यूसुफ उस्मानचा धाकटा भाऊ. तिघंही कुवेतच्या शर्क भागातल्या लाकडाच्या वखारीत होते. उस्मान मुकादम, बाकीचे दोघं त्याच्या हाताखाली. यूसुफ आणि हा श्रीवर्धनचा हारून एकाच बोटीनं रजेवर गेले. परत आला तो एकटा हारून.

उस्मानचं डोकं सणकलं. तो वेंगुर्ल्याचा, त्या खडकासमोर लहानाचा मोठा झालेला. ती पांढरी घरटी बांधणारी पाकोळी पहाटे खडक सोडते. दिवसभर किनाऱ्यावरच्या डोंगरांपर्यंत कोसन्‌कोस किडे टिपत उडते, मध्ये कुठं टेकत नाही, कारण तिच्या पायांना फांदीच धरता येत नाही. तिन्हीसांजेला ती गुहेत शिरते, अंधारात टिकटिक करत. शिरते, बाहेर पडत नाही! खोटंच बोलायचं तर मेल्यानं आधी पाखराची चौकशी तरी करायची होती.

भावाला ढकलणारा समोर उभा होता आणि पुरावा काही नव्हता. कुवेतमध्ये पाखरांची साक्ष कोण घेणार? उस्माननं दुसरी वाट धरली. वखारीतलं सागवान चोरीला जात होतंच. त्यानं मालकासमोर कुराणावर हात ठेवला आणि सांगितलं, हारूनला चोरताना मी या डोळ्यांनी पाहिलं. पोलीस हारूनला घेऊन गेले. उस्मानला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरकाबच्या वस्तीतून असमा वखारीत आली. हारूनची बायको, तीही श्रीवर्धनचीच.

"भाईजान, त्यांनी तुमचं काय वाईट केलं? यूसुफभाईंच्या मागं त्यांनी पाण्यात उडी घेतली होती."

"खोटारड्याची बायको. दुसरं काय बोलणार?"

"काय खोटं बोलले ते? मना सांगा तरी!"

"नवऱ्यालाच विचार. मुंबईच्या बोटीवर बांधून चढवतील, तेव्हा."

"तुमी कुराण उचललंत. खरंच पाहिलंत?"

"चालती हो!" उस्मान ओरडला. बाईमाणूस म्हणून त्यानं हात आवरला, एवढंच.

अजान होत होती. असमा डोळे पुसत अंगणात उतरली आणि एकदम किंचाळून खाली बसली. ओढणी तिनं डोक्याभोवती घट्ट आवळली.

"आता हे काय नाटक?"

"पाकोळ्या!" ती म्हणाली. "केसांत शिरतील, भाईजान!"

उस्माननं वर पाहिलं. वखारीच्या छपराखालून वटवाघळं भराभर बाहेर पडत होती.