डब्यातलं बेसन

"रातचं काई उरलं असन तं द्या बाई. लवकर." गावातल्या प्रफुलने इंदुताईंच्या दारात मोटारसायकल बंदही केली नाही.

तो ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातून आला होता, खिशात झाकणाची रिकामी बाटली घेऊन. इंदुताईंची नात पुनम तिथे खाटेवर निपचित पडली होती. पुनमची आई ज्योत्स्ना पहाटेच गेली. ऊन लागलं असेल असं समजून सगळ्यांनी घाईने सकाळीच सरण पेटवलं. आणि घाटावरची माणसं परतायच्या आत घरी पोरीच्या तोंडातून फेस आला. निरोप येताच इंदुताईंचा मुलगा धनराज जळत्या चितेकडे पाठ करून घरी धावला आणि लेकीला घेऊन दवाखान्याकडे पळाला.

"मायलेकींनी खाल्लं काय?"

"झुनका. बाजारातलं सुटं बेसन होतं. माहा अन् धनराजचा उपास होता बाबा."

"त्यात काय मिसळलं ते समजलं, तं डॉक्टर तसं औषध देतीन. आता अंदाजानंच देऊन राह्यले."

इंदुताई आत धावल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. जमीन शेणाने ओली होती. भांडी राखेने घासून पालथी घातली होती. माठ रिकामा, चूल पोतारलेली. प्रेत हललं की घरातलं अन्नपाणी टाकून द्यायचं, आणि त्याला घरच्यांनी हात लावायचा नाही, शेजारणींनी करायचं. इंदुताईंनी स्वतः किती घरं अशी सारवून दिली होती. आज मात्र त्या एकेक लख्ख भांडं उलटून पाहू लागल्या.

"एक दाणा नाई ठेवला बाई," शेजारची नीलाबाई मायेने म्हणाली. "तुमाले हात लावाचं काम नाई पडू देल्लं."

"अन् डब्यातलं बेसन?"

"तेही टाकलं. उकिरड्यावर."

इंदुताईंनी डबा उघडून नाकाशी नेला. राखेचा वास. पूर्वी चणा घरचा असे आणि जातंही घरचं. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं की कोणत्या वावरातल्या, कोणत्या बांधीतला चणा ते त्या सांगत. आता कोणत्या गावचं, कोणी दळलेलं, काही ठाऊक नाही.

प्रफुलने काडीने सगळा उकिरडा उकरला. भात होता, कालची भाजी होती, चुलीतली राख होती. बेसनाचा पिवळा कण कुठे नव्हता.

"टाकलं कोणं?" इंदुताईंनी विचारलं.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. विहिरीवरून बादली घेऊन आलेली माधवी तशीच उभी राहिली. तिचा नवरा मिरच्या तोडायला तेलंगणात गेला होता. घरी लेकरांपाशी कोणी मोठं माणूस नव्हतं, थोरली पोरच रांधायची; तरी मधे एकदा घरी डोकावून आली तेवढंच, बाकी ती सकाळपासून इथेच राबत होती.

इंदुताईंनी हात जोडले. "कोणं नेलं असन तं सांगा वं. मी काई म्हणणार नाई. कोणाले बोलू देणार नाई. माह्या पोरीचा जीव जाऊन राह्यला."

"सुतकाच्या घरचं कोण नेईन बाई?" नीलाबाईला राग आला. "आमी का भिकारी हाओ? नेणारीच्या तोंडावर थुकतीन लोक."

कोणी पदर सावरला, कोणी पायाच्या अंगठ्याने माती उकरली.

प्रफुलचा फोन वाजला. त्याने ऐकलं, "हो, हो," म्हटलं आणि इंदुताईंकडे न पाहता फोन खिशात टाकला. "मी जातो बाई. आता बेसन सापडूनही फायदा नाई."

इंदुताई उकिरड्याच्या कडेलाच बसल्या. आवाज बसला होता, पण आता तो विनवत नव्हता.

"नका सांगू. राहू द्या. पण ज्या बाईनं नेलं, तिनं आपल्या लेकरांले ते चारू नये. येवढं ऐका माह्यं."

माधवीच्या हातातली बादली पडली. पाणी सगळ्यांच्या पायांवर आलं. तिने ना बादली उचलली, ना कोणाकडे पाहिलं. ती धावत सुटली, धानाच्या बांधीतून आडवी, पदर काट्यांत अडकला तो तसाच फाडत. प्रफुलने एकदा इंदुताईंकडे पाहिलं आणि मोटारसायकल तिच्या मागे वळवली.

पलीकडे, गावाच्या टोकाला, माधवीच्या घरावरच्या कवेलूंतून धूर निघत होता.