सातवा प्रश्न

"बाबा, इथे सही करा," म्हणत सुनेने फॉर्म पुढे केला. फरशीवाल्याने पेन हातात घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही.

"सातव्या प्रश्नात काय विचारलंय गं?"

परदेशातल्या त्या विमानतळावरची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. शेजारच्या रांगेत फरशीवाल्याचा मुलगा आणि त्याची आई. विमानात सुनेने शिकवलेला 'आभारी आहे'चा शब्द आई अजून घोकत होती. शब्द कसला, एक अक्षर! "इथली भाषा भारी कंजूष आहे," सून म्हणाली होती. "आपल्याला जिथे वाक्य लागतं, तिथे यांचं एका शब्दात भागतं." ती भाषा मुलाला आणि सुनेलाच येत होती, म्हणून एका म्हाताऱ्यामागे एक दुभाष्या अशी वाटणी झाली होती.

सुनेने वाचलं, "तुम्हाला कधी न्यायालयाने शिक्षा केली आहे का?" आणि हसली. "मी सगळ्यांचं एका दमात 'नाही' करून टाकलंय. तुमच्यासाठी काय विचार करायचा? तुम्ही तर रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नल पाळता."

फरशीवाला टाचेने जमीन ठोकत उभा होता. नवी फरशी दिसली की तिचा आवाज ऐकल्याशिवाय त्याला राहवत नसे. सुनेला पाहायला गेला तेव्हाही त्याने मुलीआधी फरशी पाहिली होती. व्याह्यांच्या स्वयंपाकघरात चार लाद्या पोकळ निघाल्या, म्हणून पुढच्या रविवारी स्वतः जाऊन त्या बसवून दिल्या होत्या. तेव्हापासून सून त्याच्यावर खूश होती.

सातव्या प्रश्नातलं एवढंच तिला सांगायचं राहिलं होतं. सांगू सांगू म्हणता लग्नाला दोन वर्षं झाली. सहलीच्या कंपनीतल्या माणसाला त्याने गुपचूप गाठलं, तर तो म्हणाला, "काका, छत्तीस वर्षांपूर्वीचं कोण उकरतंय? 'नाही' लिहा आणि मोकळे व्हा." बायकोचंही तेच मत होतं. पण पोकळ लादी घरात असावी आणि ती वाजू नये म्हणून जन्मभर पाऊल जपून टाकावं, तसं झालं होतं त्याचं. त्याला आता त्याचा कंटाळा आला होता.

"माझं 'हो' कर," तो म्हणाला.

सुनेचं हसू थांबलं. शेजारच्या रांगेतून बायको फक्त "अहो!" म्हणाली. त्या एका 'अहो'त सगळं आलं: मुलाने मिनतवारीने मिळवलेली रजा, समुद्राकाठची खोली, आणि आल्या पावली परत पाठवतील ही भीती. फरशीवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सही ठोकली.

खिडकीमागचा तरुण अधिकारी मान वर न करता शिक्के मारत होता. सातव्या प्रश्नापाशी त्याचा शिक्का हवेतच थांबला. त्याने एकच शब्द विचारला.

"काय केलं होतंत, विचारतायत," सून म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

तिच्याकडे पाहायची त्याला हिंमत झाली नाही. तो अधिकाऱ्याकडे पाहत म्हणाला, "सांग त्यांना. बाविसाव्या वर्षी मुकादमाशी भांडण झालं. हातातली थापी त्याच्या डोक्यात घातली. त्याचा एक कान कायमचा गेला. मी तीन वर्षं तुरुंगात होतो."

सून बोलायला लागली, आणि बोलतच राहिली. मधेच तिने सासऱ्याचा हात धरून खिडकीतून पुढे केला आणि तळव्यावरचे घट्टे दाखवले. मग खाली जमिनीकडे बोट केलं. मग स्वतःची टाच दोनदा आपटून दाखवली. मागची माणसं घड्याळं बघायला लागली. अधिकारी शेवटपर्यंत ऐकून घेऊन आत निघून गेला.

"मला का नाही सांगितलंत?" सुनेने विचारलं.

"लाज वाटायची. बाबा म्हणतेस ना मला, ते बंद होईल असं वाटायचं."

धरलेला हात तिने अजून सोडला नव्हता.

अधिकारी परत आला तो पिकल्या केसांच्या वरिष्ठ बाईंना घेऊन. बाईंनी फॉर्म वाचला, फरशीवाल्याला आपादमस्तक न्याहाळलं, आणि खिडकीबाहेर येऊन बुटाने एक लादी ठोकली. मग भुवया उंचावून त्याच्याकडे पाहिलं.

फरशीवाल्याला राहवलं नाही. "ही नाही," तो म्हणाला आणि खांबाजवळच्या लादीकडे बोट दाखवलं. "ती."

बाईंनी तिथे जाऊन टाच आपटली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. त्या काही हसल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने शिक्का मारला आणि पासपोर्ट पुढे सरकवला.

पलीकडे मुलगा सामानाची गाडी ओढत होता आणि बायको पदराने डोळे पुसत उभी होती. तिच्यापाशी पोचायला वीसेक पावलं होती. चालता चालता फरशीवाल्याने हळूच विचारलं, "मी तर चारच वाक्यं बोललो. तू एवढा वेळ काय सांगत होतीस?"

"तेवढंच सांगितलं, बाबा," सून म्हणाली. "यांच्या भाषेत जरा लांबतं."