दुसरा ग्लास

"पाणचट झालं तरी चालेल, पण गोड नको," आई म्हणाली आणि उष्टा चमचा तिनं सिंकमध्ये टाकला.

थोरलीनं काचेच्या लहान जगमध्ये आणखी सोडा ओतला. संत्र्यांचा रस तिनं गाळला नव्हता, चोथ्यासकट घेतला होता. हिरवी सफरचंदं सालासकट चिरली होती. वर पेअरच्या फोडी, मूठभर डाळिंबाचे दाणे, आल्याचा रस आणि चुरडलेला पुदिना. केळी, द्राक्षं नि साखरेचा पाक गेले होते मोठ्या जगमध्ये. वर्षअखेरच्या सुट्टीत सगळं गणगोत थोरलीच्या घरी जमायचं आणि दर वर्षी फळांचं कॉकटेल असं दोन भांड्यांत व्हायचं. मोठं सगळ्यांचं, लहान धाकटीचं.

आईनं पुन्हा चव घेतली. जीभ टाळूला लावून जरा वेळ विचार केला. "हं. आता चालेल तिला."

बाहेरच्या खोलीत धाकटी भाच्यांना हाताशी धरून दिव्यांच्या माळा लावत होती. तिचं हसणं स्वयंपाकघरापर्यंत येत होतं. आई स्टुलावर बसली होती, पण तिचे कान दाराबाहेर होते.

"खुर्चीवर चढलीय वाटतं. पडेल गं."

"चाळिशी उलटली तिची, आई."

"म्हणून हाडं काय लोखंडाची झाली?"

धाकटीला साखर निघाली तेव्हा ती पहिलीत होती. त्या दिवसापासून घरातून गोड हद्दपार झालं. आई डोळ्यांत तेल घालून धाकटीला जपायची. ती काय जेवली, किती जेवली, सुई कुठल्या दंडात टोचली, रात्री घाम तर आला नाही ना. थोरलीच्या एका वाढदिवसाला काकडीच्या सँडविचवर मेणबत्ती लावली होती आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. एकदा शाळेतून येताना तिनं मैत्रिणीनं दिलेलं चॉकलेट खाल्लं. आईनं दारातच तिच्या तोंडाचा वास घेतला. "बहिणीच्या नाकावर टिच्चून खातेस?" म्हणून फाडकन थोबाडीत दिली. थोरली तेव्हा रडली नव्हती. रडून उपयोग नसतो, हे तिला त्या वयातच कळून चुकलं होतं. धडधाकट पोरीकडे कोण बघणार?

मग ती तशीच मोठी झाली, धडधाकट. तिला ताप आला तर "झोप जरा, उतरेल," एवढंच. तिचं बाळंतपणसुद्धा आईला चार दिवसांत उरकावं लागलं, कारण इकडे धाकटीचं काहीतरी वरखाली झालं होतं. थोरलीनं कधी तक्रार केली नाही. "तुझा मला घोरच नाही बघ," असं आई कौतुकानं म्हणायची आणि थोरली ते कौतुक मुकाट्यानं गिळायची.

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. गेल्या महिन्यात तिलाच गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या वाचता येईनात. मालकांनी तिचे डोळे तपासून नवा नंबर काढून दिला. पंधरवड्यात तोही चुकीचा ठरला. "बाई, नंबर असा नाचत नाही. आधी रक्त तपासा," मालक म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं ते तिनं नीट ऐकून घेतलं. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मनात दुसरंच काहीतरी डोकावलं, आणि तिची तिलाच लाज वाटली. आता आई आपल्यालाही विचारेल, जेवलीस का म्हणून. रात्री उठून कपाळाला हात लावेल. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बाईच्या मनात असलं काही यावं? पण आलं खरं. तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. आधी आईला सांगायचं, असं ठरवून टाकलं.

तिनं लहान जगमधून एक ग्लास भरला. मग दुसरा भरला.

"हा कुणाला?" आईनं विचारलं.

"मला."

"तुला कशाला? तिच्यापुरतं राहू दे. तू आपलं गोड घे. तुला काय धाड भरलीय?"

थोरलीनं हातातला जग ओट्यावर ठेवला. सांगायची वाक्यं तिनं आठवडाभर मनात घोळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"भरलीय, आई. मलाही साखर निघालीय."

आईनं तिच्याकडे पाहिलं. कधी नव्हे ते तिचे कानही दाराकडून वळले होते. मग ती स्टुलावरून उठली, ओट्याला धरत धरत जवळ आली आणि तिनं थोरलीचा हात दोन्ही हातांत घेतला. सुरकुतलेल्या बोटांनी तिनं थोरलीचा तळवा कुरवाळला, पुन्हा कुरवाळला. आईचे डोळे भरून आले आणि पाणी गालावर ओघळलं. आता आईच्या खांद्यावर डोकं टेकावं म्हणून थोरली वाकली.

"देवानं ऐकलं गं माझं," आई तिच्या कानाशी म्हणाली, "आता मी डोळे मिटायला मोकळी. माझ्यामागे धाकटीचं दुखणं कळणारं कुणीतरी झालं."